आईचा मंगळवार

माझी आई तारखांची माणूस नाही. ती वारांची माणूस आहे. तिचे लग्न कोणत्या साली झाले हे तिला कधीच धड सांगता आले नाही. पण तो गुरुवार होता, हे ती छातीठोकपणे सांगते. म्हैस विकली तो शनिवार, माळवद गळू लागले तो सोमवार. आमच्या घराचा सारा इतिहास असा वारावारी लिहिलेला आहे. आणि मी जन्मलो तो नवरात्रातला मंगळवार. "देवीच्या वारी झालास, म्हणून असा तापट," हे मी कळू लागल्यापासून ऐकत आलो आहे.

गेल्या दोन वर्षांत तिच्या आठवणीला ओहोटी लागली. डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधणे हे तर नित्याचेच. पण कधी कधी ती गेलेल्या माणसांचीही जेवायला वाट पाहते. तिने काही सांगितले की आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. म्हाताऱ्या माणसाचे बोलणे तपासायला घ्यायचे, ही घरोघरचीच रीत. मी तर मास्तर. तपासणे हा माझा धंदाच!

त्या सुमारास शाळेच्या संगणकावर मुलांच्या बरोबरीने मीही पायथन शिकू लागलो होतो. तारीख द्यावी, 'वीकडे' विचारावे, की यंत्र वाराचा आकडा सांगते, हे मला नववीतल्या एका मुलीने दाखवले. मी सात वारांची यादी केली. रविवार, सोमवार, मंगळवार, अशी लहानपणी घोकलेल्या क्रमाने. संगणक शून्यापासून मोजतो, एवढे ज्ञान मला झाले होते. शाळेच्या दाखल्यावरची माझी जन्मतारीख घातली : १५ ऑक्टोबर १९८०. आकडा आला २, आणि पडद्यावर अक्षरे उमटली : मंगळवार.

मी धावतच घरी आलो. आईला सांगितले. तिला काही विशेष वाटले नाही. "मशीनला कशाला विचारायला गेलास? मी होते ना तिथे!"

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने माझी यादी पाहिली आणि जीभ चावली. "सर, पायथनमध्ये सोमवार शून्य असतो. दोन म्हणजे बुधवार."

चौकशी करता कळले, की जावास्क्रिप्टमध्ये रविवार शून्य. पायथनमध्येच 'आयसोवीकडे' म्हटले तर सोमवार एक आणि रविवार सात. एका आठवड्याचे हे तीन हिशेब पाहून मला हसू आले. पण हसणार कोणाला? आपला आठवडा सात दिवसांचा, तरी आपण पाहुण्याला "आठ दिवसांनी या" म्हणतो; कारण आजचा दिवस आपण धरून मोजतो. मोजायला कोठून लागलात, यावर सारे आहे.

यादी दुरुस्त केली. बुधवार आला. जुने पंचांग काढले. तिथेही १५ तारखेसमोर बुधवारच. मी मनातल्या मनात आईच्या उत्तरावर फुली मारली.

रात्री तिला बेताबेताने सांगितले. ती भांडेल असे वाटले होते. पण ती एवढेच म्हणाली, "असेल बाबा. तुम्ही म्हणता तर असेल." उभ्या आयुष्यात तिने अशी माघार घेतलेली मी पाहिली नव्हती. ते शब्द मला लागले.

दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने अंधारातून तिचा आवाज आला. "तुला पुसून माझ्या कुशीत दिला, तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता. तीन वाजले असतील. बुधवार मग उजाडला."

मी अंथरुणात उठून बसलो.

आपला वार सूर्योदयाला लागतो. मध्यरात्री बदलते ती तारीख. सूर्योदयानंतरची पहिली होरा ज्या ग्रहाची, त्याचा तो वार. रवी, शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ, या क्रमाने चोवीस होरा मोजल्या की पंचविसावी चंद्राची येते. म्हणून रविवारनंतर सोमवार. चोवीसला सातने भागून उरणाऱ्या तिनाचा हा सारा खेळ! हा भागाकार संगणकालाही येतो. पण त्याला सूर्य उगवल्याचे कोणी सांगितले नव्हते. मीही त्याला फक्त तारीख दिली होती, वेळ दिली नव्हती. चुकीच्या यादीने बरोबर वार सांगितला होता आणि बरोबर यादीने आईला खोटे पाडले होते.

सकाळी शाळेत जाऊन मी आणखी एक ओळ लिहिली : वेळ सूर्योदयापूर्वीची असेल, तर एक दिवस वजा कर. ऑक्टोबरच्या मध्याला आमच्याकडे साडेसहाच्या सुमारास उजाडते. पहाटेचे तीन घातले. मंगळवार आला.

संध्याकाळी आईला सांगितले. "मग मी काय म्हणत होते?" ती म्हणाली आणि चष्मा शोधू लागली. तो तिच्या डोळ्यांवरच होता.

गेल्या दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या पहाटे मी तिच्या हातांना तेल लावीत होतो. पणत्या नुकत्याच लागल्या होत्या. तिने एकाएकी विचारले, "आज वार कोणता रे?"

मी खिडकीबाहेर पाहिले. अजून उजाडले नव्हते. मी तिला कालचाच वार सांगितला. तिने मान डोलावली.