वाघोलीचे निळे फूल

पुण्याहून नगरच्या रस्त्याने निघाले की वाघोली लागते. काळ्या दगडाच्या खाणींसाठी हे गाव पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. काही वर्षांपूर्वी मालकाची रीतसर परवानगी घेऊन मी तेथील एका खाणीत उतरलो होतो.

सुरुंगाने नुकत्याच फुटलेल्या एका शिळेत ओंजळीएवढी पोकळी होती. तिच्या आत स्टिल्बाइटच्या शुभ्र स्फटिकांवर मोरपिशी निळ्या रंगाचा एक गुच्छ बसलेला दिसला. जणू खडीसाखरेवर कोणी फूल ठेवले आहे! "हे तर तांब्याचे खनिज!" असे म्हणून मी हातोडा उचलला. तोच शेजारच्या वृद्ध पाथरवटाने माझा हात धरला.

"थांबा साहेब! घाव घातलात तर फूल गळून जाईल. आधी हे हातात घेऊन बघा, किती हलकं आहे ते." असे म्हणून त्यांनी मुंडाशाच्या पदरातून बोराएवढा एक सुटा निळा गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

वाचकहो, त्यांची परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध होती. अझुराइट हे तांब्याचे निळे खनिज पाण्याच्या जवळजवळ पावणेचार पट जड असते, तर हे जेमतेम सव्वादोन पट. अझुराइटच्या कणावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की बुडबुडे येतात. याच्या कणावर येत नाहीत. मात्र कण निवडून घ्यावा, कारण त्याला कॅल्साइट चिकटलेले असेल तर त्याचे बुडबुडे आपल्याला फसवतात.

या खनिजाचे नाव कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या घटकांच्या नावांवरून ते पडले आहे आणि निळा रंग व्हॅनेडियमचा आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात ते प्रथम सापडले व 1973 साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. परंतु त्याचे सर्वांत देखणे नमुने जगाला दिले ते वाघोलीने. याचेच एक भावंड आहे पेंटागोनाइट. दोघांचे घटक तेच, केवळ रचना निराळी. भिंगातून बारीक स्फटिकांचा गोल गुच्छ दिसला तर बहुधा कॅव्हन्साइट समजावे. सुट्या, लांबट स्फटिकाचा छेद पाच टोकांच्या चांदणीसारखा दिसला तर पेंटागोनाइट. पक्का निर्णय मात्र क्ष-किरणांच्या परीक्षेनेच होतो.

विकत घेणाऱ्याने आणखी एक सावधगिरी बाळगावी. सुटलेले गोळे गोंदाने पांढऱ्या स्फटिकांवर चिकटवून विकले जातात. म्हणून फुलाचे बूड भिंगाखाली अवश्य पाहावे.

पाथरवटबाबांनी पोकळीपासून वीतभर दूर छिन्नी लावली आणि हलक्या ठोक्यांनी तो तुकडा अलगद मोकळा केला. मग गवतात गुंडाळून माझ्या हाती देताना ते म्हणाले, "हे काय आहे ते ठाऊक नव्हतं तेव्हा अशी कितीतरी फुलं मी खडीत घातली, साहेब."

वरती खडीचे यंत्र घरघरत होते. माझा हातोडा मी पिशवीत ठेवला, तो त्या दिवशी पुन्हा बाहेर काढला नाही.