फूल आणि बुंधा

इंडोनेशियन भाषेत व्याजाला ‘बुंगा’ म्हणतात. बुंगा म्हणजे फूल. मुद्दलाला म्हणतात ‘पोकोक’, आणि पोकोक म्हणजे झाड, झाडाचा बुंधा. बँकेच्या कागदांवर हे दोन शब्द मी वीस वर्षं वाचत होतो. पण ते मनात उतरले मेनोरेच्या डोंगरात राहायला आल्यावर.

मेनोरे ही जावा बेटाच्या मध्यभागातली, योग्यकर्ता शहराच्या पश्चिमेची डोंगररांग. तिच्या पलीकडच्या अंगाला बोरोबुदुरचा स्तूप, अलीकडे कुलोन प्रोगो जिल्हा. तिथल्या एका सोंडेवर आमची चाळीसेक घरांची वाडी आहे. या देशातल्या सूतगिरणीतली नोकरी संपली आणि २०१४ साली आम्ही नवरा-बायको इथे भाड्याच्या घरात राहायला आलो. भाड्याला इथे ‘सेवा’ म्हणतात. आपलाच शब्द, समुद्र ओलांडून अर्थ बदललेला. अजून आम्ही त्या सेवेवरच राहतो.

मी मूळचा मालवणकडचा. पहिल्या सकाळी दार उघडलं तर समोर माड. बुंध्याला पाय रोवायला खाचा पाडलेल्या, आणि कमरेला बांबूचं नळकांडं लटकावून एक माणूस वरून उतरत होता. नळकांड्यात काय आहे, म्हणून विचारलं, तर म्हणाला, “नीरा.” चार हजारांहून अधिक किलोमीटर दूर येऊन हा शब्द कानावर पडला आणि माझ्या घशात आवंढा आला.

त्याच्या घरी गूळ करतात. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, तो माडांवर चढतो, पोयीचं, म्हणजे फुलोऱ्याचं, टोक पात्याने हलकं तासतो, भरलेलं नळकांडं काढून रिकामं बांधतो. रिकाम्या नळकांड्याच्या तळाशी चुन्याची निवळी आणि मँगोस्टीनच्या सालीचा तुकडा असतो, नीरा आंबू नये म्हणून. खाली चुलीवर कढई तयार असते. बायको तासन् तास ढवळत बसते. आधी पांढरा फेस कडेपर्यंत फुगतो, मग पिवळा होतो, मग तांबूस, आणि शेवटी कढईत जाड बुडबुडे संथपणे फुटू लागतात. तेव्हा ती पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकते. थेंब विरघळला नाही, गोळी झाली, की कढई उतरवायची आणि पाक करवंट्यांत ओतायचा. सहा-सात लिटर नीरा आटते तेव्हा जेमतेम किलोभर गूळ पदरात पडतो. पाऊस असो, शेवाळ असो, खाचा निसरड्या असोत, माणूस चढतोच. एक दिवस चुकला तर पोय रुसते, असं तो म्हणतो. पडून कंबर मोडलेली दोन माणसं आमच्याच वाडीत आहेत.

बुंधा जगला तर रोज नीरा येते. बुंधा विकला तर एकदाच पैसे येतात, लाकडाचे. इथे पैसा गुंतवण्याचं शास्त्र मला त्या कढईशेजारी बसून समजलं.

योग्यकर्त्याच्या नव्या विमानतळाचं काम कुलोन प्रोगोत निघालं तेव्हा जमिनीचे भाव चढले. किनाऱ्यालगतच्या तेमोन भागात वाळूच्या जमिनीत लोक मिरची आणि कलिंगडं पिकवत. ती रानं गेली, काहींनी शेवटपर्यंत विरोध केला, आणि २०२० साली विमानतळ पूर्णपणे सुरू झाला. मग दलालांचे पाय डोंगराकडे वळले. एकाने मला समजावलं की परक्याला जमीन घेता येत नसली तरी गावातल्या कुणाच्या नावावर ती घेता येते. पैसे तुमचे, नाव त्याचं, मध्ये एक गुपचूप करारनामा. दाखवलेलं रान सुंदर होतं. पूर्वेला मेरापी ज्वालामुखीचा धूर दिसत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. ते रान हवंसं वाटत होतं, हे कबूल करतो.

इथला जमिनीचा मूळ कायदा १९६० सालचा. मालकी हक्क, ‘हाक मिलिक’, तो फक्त देशाच्या नागरिकाला. परक्याला वापराचा हक्क मिळतो, भाडेपट्टा मिळतो, मालकी नाही. आडमार्गाने दिली तर व्यवहार रद्द आणि जमीन सरकारजमा. तीनशेहून अधिक वर्षं डचांचे मळे, डचांची कोठारं पाहिलेल्या देशाने हे कलम लिहिलं आहे. ते मला पटतं. कोकणात माझ्या आजोळच्या कातळावर आज कुणाकुणाचे फलक उभे आहेत, ते मी पाहिलं आहे. विकणाऱ्याची मुलं त्याच जागेवर रखवालदार आहेत, तेही. दलालाला मी सकाळी नाही म्हणून कळवलं.

पैसे मग गुंतवले ते एका गाईत. शेजारच्या वाडीतल्या एका कुटुंबाशी ‘गादुह’ केला. आपल्याकडे जनावर अर्धेलीने देतात तसाच. गाय मी घ्यायची, वैरण आणि कष्ट त्यांचे. पहिलं वासरू त्यांचं, दुसरं माझं. एक कोटी चाळीस लाख रुपिया लागले. आकडा मोठा वाटतो, पण तेव्हाचे आपले सत्तरेक हजार. कागद नाही, शिक्का नाही. वाडीप्रमुखाच्या ओसरीवर चहा झाला, तो साक्षीदार. साक्षीदाराला इथे ‘साक्सी’ म्हणतात.

पहिलं वासरू झालं आणि विकून त्यांनी मुलीची शाळेची फी भरली. दुसऱ्याच्या आधी २०२२ आलं. पूर्व जावातून लाळ्या-खुरकूत पसरत आमच्यापर्यंत पोचला. बकरी ईदच्या तोंडावर आमच्याकडचे गुरांचे बाजार बंद झाले. गाईच्या तोंडाला फेस, खुरांना जखमा. त्या माणसाने तीन रात्री गोठ्यात काढल्या. चौथ्या दिवशी गाय गेली. संध्याकाळी नवरा-बायको आले ते केळ्यांचा घड आणि गुळाच्या दहा करवंट्या घेऊन. अंगणातच वाकून उभे राहिले आणि जावानीजमधल्या सर्वांत आदराच्या बोलीत क्षमा मागू लागले, “न्युवुन पंगापुंतेन.” रीतीप्रमाणे मरणाचं नुकसान मालकाचं, त्यांचं काही देणं नव्हतं. तरी ते आले. माझी बायको त्या बाईला धरून रडली. मुद्दल गेलं, असं त्या रात्री मी एकदाही म्हणालो नाही. पुढच्या वर्षी आम्ही दुसरी गाय घेतली, त्यांच्याकडेच.

वाडीत पैसा असा फिरतो. बायकांचा ‘आरिसान’ असतो, म्हणजे आपली भिशीच: ग्लासात नावांच्या सुरळ्या, ग्लास हलवायचा, जी चिठ्ठी बाहेर पडेल तिला महिन्याची रक्कम. बांधाबांधावर सेंगोनची झाडं आहेत, पाच-सहा वर्षांत तोडणीला येणारी. पण तोड भाव बघून होत नाही, गरज बघून होते. कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, एक झाड पडतं. अडत्याला हे बरोबर ठाऊक असतं, आणि तो घाईतल्या माणसाला भाव पाडूनच देतो. हिरवं पीक उभ्या रानात घेणारेही आहेतच. त्याला ‘इजोन’ म्हणतात आणि तो गळफास आहे. गाव म्हणजे नुसती माया, असं मी कुणाला सांगणार नाही. पण झाड पडलं की त्याच खड्ड्याशेजारी रोप लावलेलं मी दर वेळी पाहिलं आहे.

आणि ‘जिंपितान’. प्रत्येक दाराशी एक डबी टांगलेली असते. रात्री त्यात चिमूटभर तांदूळ टाकून ठेवायचे, हल्ली बरेच जण नाणं टाकतात. गस्तीवाले घरोघर फिरून ते गोळा करतात. कुणाची डबी रिकामी दिसली तर दार हळूच वाजवून विचारतात, सगळे बरे आहात ना? जमलेल्या पैशातून दिवे, आजाऱ्याला फळं, मयताला कापड. दहा वर्षांत माझ्या डबीतून किती गेलं याचा मी हिशेब ठेवलेला नाही. २०२१ मध्ये आम्ही दोघं कोविडने पडलो तेव्हा पंधरा दिवस दाराबाहेर डबा येत होता, एवढं मात्र लक्षात आहे.

भारतातून फोन येतात. तिकडे काही घेता येईल का, भाव काय, किती वर्षांत दुप्पट? त्यांना मी एवढंच सांगतो: या, राहा, गाय अर्धेलीने द्या, भिशीत नाव घाला. जमीन मात्र गावाच्या नावावर राहू द्या.

आज पोनचा वार. पाच दिवसांच्या जावानीज आठवड्यात आमचा बाजार याच दिवशी भरतो. गूळवाल्याचा दहा किलो गूळ सकाळीच विकला गेला. रात्री गस्त माझ्या गटाची आहे. विजेरी भरून ठेवली आहे आणि डबीत तांदूळ टाकले आहेत.