कापूस आल्यावर

अकोल्याच्या जुन्या शहरात आमचे किराणा दुकान आहे. बाबांची उधारीची वही मी संगणकात घातली ती जँगोच्या आधारे. जँगो ही कॅन्ससमधील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलेली, २००५ साली सर्वांस खुली झालेली चौकट. नाव मात्र एका गिटारवादकाचे!

तिच्या तयार वर्गाला नोंदी गाळता येतात, क्रमाने लावता येतात. तारीख उलटली की थकबाकी, एवढे त्याला सांगितले. यादी पाहून बाबा उसळले, "काहून मांगतं बे त्याले पैसे? कापूस घरी आला नाही अजून त्याचा!"

हे गणित कॅन्ससच्या मंडळींना कसे सुचावे? मूळ फायलीत हात घालावा, तर नवी आवृत्ती येताच सारे पुसले जाणार. म्हणून त्यांच्या 'क्वेरीसेट' वर्गाचा वारस काढला. बापाचे गुण त्याला आपसूक मिळाले. वर माझे एक फंक्शन, 'कापूस_आल्यावर'. (पायथनला देवनागरी नाव चालते, बरे का!) कापूस आल्याची खूण नसेल त्या गिऱ्हाइकाला ते वगळते, आणि जुन्या फंक्शनांच्या साखळीत बिनतक्रार बसते.

गेल्या लक्ष्मीपूजनाला यादी काढली. मोजकीच नावे. बाबांनी त्यातलेही एक खोडले.

"त्याच्या पोरीचं लगन आहे."

हे फंक्शन अजून लिहायचे आहे.