संगणकाचा संथ लेखनिक

मनुष्यास घाईची सवय जडली म्हणजे सावकाश होणाऱ्या प्रत्येक कामांत त्याला आळस दिसूं लागतो. पीक आपल्या वेळेनें पिकतें हें आपण निमूटपणें मान्य करितों. परंतु यंत्र मंद चाललें कीं आपला धीर सुटतो. संगणकांतील माहितीची दुसरी प्रत आपोआप करून ठेवणारी जी योजना असते, जिला सर्वत्र ‘बॅकअप’ म्हणतात, तिच्या मंदगतीविषयीं आम्हांस असाच अनुभव आला. तो विद्यार्थिवाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सादर करितों.

आमच्या मातोश्रींस जात्यावरील शेंकडों ओव्या मुखोद्गत होत्या. माहूरगडावरील रेणुकामाता, दत्तशिखर, पैनगंगेचा पूर आणि माहेरची वाट हे त्यांचे नित्याचे विषय. त्यांच्या अखेरच्या वर्षांत आम्हां भावंडांनीं त्या ओव्या त्यांच्याच आवाजांत मोबाईलवर उतरवून घेतल्या व पुढें संगणकावर ठेविल्या. जुनीं छायाचित्रें आणि चित्रफिती मिळून हा संग्रह सुमारें 200 गिगाबाइटांचा झाला. मातोश्री निवर्तल्यावर त्याचें मोल आम्हांस निराळेंच वाटूं लागलें. एवढी ठेव एकाच यंत्राच्या भरंवशावर ठेवणें बरें नव्हे, म्हणून एक प्रत घरांतील हार्ड डिस्कवर व दुसरी इंटरनेटच्या मार्गानें दूरच्या साठवणींत, अशी व्यवस्था आम्हीं केली.

पहिल्या सायंकाळीं दूरच्या प्रतीचा आंकडा शेंकडा दोनवर होता. दुसऱ्या सकाळीं तो एकोणीसवर आला. उरलेला वेळ पडद्यावर कधीं नऊ तास दिसे, तर कधीं तीन दिवस. दिवस पावसाळ्याचे, वीज वारंवार जाई, आणि ती परत आली म्हणजे यंत्र प्रथम मागील काम तपाशीत बसे. धाकटी बहीण त्रासून म्हणाली, “दादा, हें बंदच करूं या का? दुसरें कांहीं कामही सुचूं देत नाहीं हें.” बंद करणें एका बोटाचें काम होतें, परंतु आईचा आवाज तेव्हां जगांत एकाच तबकडीवर होता, हें ध्यानांत येऊन आम्ही स्वस्थ बसलों.

हा उशीर कां लागतो, हें समजून घेतल्यावर आमचा राग पुष्कळसा ओसरला. पहिल्या वेळीं संपूर्ण संग्रहाची प्रत करावी लागते. पुढें केवळ बदललेलें तेवढेंच उतरावयाचें असतें. एका मोठ्या फाईलीपेक्षां हजारों लहान फाईलींस अधिक वेळ लागतो, कारण प्रत्येक फाईल उघडणें, नोंदणें व मिटणें हें स्वतंत्र काम होय. शिवाय अशा पुष्कळ योजना मालकाच्या कामास अडथळा नको म्हणून मुद्दामच मागें राहून चालतात. इंटरनेटवर तर घरून बाहेर पाठविण्याचा वेग बहुधा आंत घेण्याच्या वेगाहून कमी असतो. आमचा तो सेकंदास सुमारें 10 मेगाबिट होता. आठ बिटांचा एक बाइट. त्या हिशेबानें 200 गिगाबाइट म्हणजे 16 लक्ष मेगाबिट झाले, आणि त्यांस 1,60,000 सेकंद, म्हणजे 44 तासांहून अधिक वेळ हवा, तोही वीज एकदांही न जाईल तर!

प्रत करण्याचें महत्त्व या भूमीस नवें नाहीं. माहूर हें महानुभाव पंथाचेंही पूज्य स्थान आहे. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत श्रीचक्रधरांच्या आठवणी गांवोगांव फिरून, ज्यांनीं त्या पाहिल्या-ऐकिल्या त्यांच्या मुखांतून मिळविल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. पुढें खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली, असें परंपरा सांगते. तेव्हां हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणांतून तो ग्रंथ पुन्हां उभा करावा लागला, आणि म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. नंतरच्या पिढ्यांनीं बोरूनें एकेक अक्षर उतरवून त्या पोथ्या राखिल्या. त्या लेखनिकांचा वेग आमच्या यंत्राच्या वेगापुढें कांहींच नव्हे.

तथापि केवळ धीर धरणें पुरेसें नाहीं. गिटलॅब या संगणक-कंपनीची 31 जानेवारी 2017 ची गोष्ट प्रसिद्ध आहे. तेथें एका तंत्रज्ञाच्या हातून चालू माहितीचा भाग पुसला गेला. प्रती करण्याचे अनेक उपाय योजलेले होते. परंतु गरजेच्या वेळीं ते निकामी ठरले. सुदैवानें सुमारें सहा तासांपूर्वी हातानें घेतलेली एक प्रत सांपडली, आणि ती मंद साठवणींतून परत आणीतोंवर कित्येक तास गेले. यावरून दिसतें कीं, संथ चालणाऱ्या प्रतीपेक्षां, चालते आहे अशी नुसती समजूत असलेली प्रत अधिक घातक होय.

आमचें काम चौथ्या दिवशीं पुरें झालें. तेव्हां मूळ संगणक बाजूस ठेवून आम्हीं नव्या प्रतींतील एक ओवी उघडिली. प्रथम जात्याची घरघर ऐकूं आली, मग मातोश्रींचा आवाज. बहीण कांहीं न बोलतां पदर डोळ्यांस लावून बसली.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरींही आजोबांचें एखादें पत्र, आजीचा आवाज किंवा शेताचे कागद असतील. त्यांच्या तीन प्रती असाव्या, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि निदान एक घराबाहेर असावी, असा जाणत्यांचा नियम आहे. प्रत होण्यास वेळ लागला तर लागूं द्यावा. परंतु मधून मधून ती उघडून पाहण्यास मात्र विसरूं नये.