हातचें पाणी

ख्रिस्ताचें शिष्यत्व म्हटलें कीं आमच्या मंडळीच्या डोळ्यांपुढें एखादा मोठा त्याग उभा राहतो. मला मात्र लक्ष्मीबाई टिळकांचें पाणी पिणें आठवतें. नारायण वामन टिळकांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाई कित्येक वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुढें एकत्र आल्यावरही त्यांचें सोंवळें सुटलें नव्हतें. जातिभेद माणसानेंच केलेला आहे, असें स्वतःच्या विचारानें पटल्यावर कोणाच्याही हातचें खाण्यापिण्याचा त्यांनीं निश्चय केला. १९०० सालचा बाप्तिस्मा मागाहून आला. ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना माझें लक्ष या क्रमाकडे वारंवार जातें. आधीं आचरण, मग संस्कार!

आमचें उलट. बाप्तिस्मा तान्हेपणींच उरकलेला. आचरणास सवड बहुधा निवृत्तीनंतर. म्हणून गेलीं कांहीं वर्षें सकाळच्या प्रार्थनेंत मी स्वतःस विचारतों : आज नेमकें कोणासाठीं, आणि काय? ‘सर्वांवर प्रीति’ हें उत्तर मी चालवून घेत नाहीं. तें फार स्वस्त आहे. उत्तरपत्रिकांच्या शेवटच्या गठ्ठ्यासही पहिल्याइतकाच वेळ द्यावयाचा, असलें क्षुल्लक उत्तर चालतें. तें पाळलें कीं नाहीं, हें सायंकाळीं स्पष्ट सांगतां तरी येतें.

टिळकांनीं १९१७ मध्यें मिशनचा पगार सोडला. तेवढें धैर्य मजजवळ नाहीं, आणि घरांतील माणसें त्याबद्दल देवाचे आभारच मानीत असतील. उद्यां मात्र मला मुळींच न आवडणाऱ्या एका सहकाऱ्याच्या बढतीसाठीं शिफारसपत्र लिहावयाचें आहे. गृहस्थ लायक आहेत. अडचण तेवढीच आहे.