चारशे मीटरच्या आत

मुलांनो, सहलीचं ठरलं की तुम्ही आधी विचारता, "काय काय बघायचं?" मोठी माणसं विचारतात, "खर्च किती?" राहायचं कुठे, हा प्रश्न कुणालाच फारसा महत्त्वाचा वाटत नाही. रात्री पाठ टेकायला जागा मिळाली म्हणजे झालं! पण 2024 च्या दिवाळीच्या सुटीत आमच्या घरी या तिसऱ्या प्रश्नाने सगळ्यांना आठवडाभर कामाला लावलं. त्याचीच ही हकीकत.

आम्ही वर्ध्याचे. घरात पाच माणसं: मी, मुलांचे बाबा, सातवीतली मुक्ता, चौथीतला सोहम आणि मुलांची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. कलकत्त्याला जायचं दोन वर्षांपासून घाटत होतं. (शहराचं नाव 2001 पासून कोलकाता झालं आहे, पण आजींच्या तोंडी कलकत्ताच, म्हणून मीही तेच लिहिते.) सोहमला ट्राम हवी होती, मुक्ताला संग्रहालयातली ममी. पण मुळात कलकत्ता हे नाव काढलं ते आजींनी. त्यांच्या माहेरी देवघरात देवांच्या रांगेत नेताजी सुभाषचंद्र बोसांचा फोटो असायचा आणि रोज त्यालाही फूल वाहिलं जायचं. "त्यांचं घर एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे," एवढंच त्यांचं मागणं.

आता अडचण ऐका. आजींचं वय 72. गुडघे दुखतात. डॉक्टर म्हणाले, चाला, पण थांबत थांबत. आणि दुपारी तासभर आडवं झालं नाही, की संध्याकाळी पाय सुजून पोळ्या होतात. तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी काही येत नाही बाप्पा. तुम्ही जा. माझ्यापायी तुमचं फिरणं खोळंबते."

सगळे गप्प. ज्यांच्यासाठी जायचं त्यांनीच घरी राहायचं, मग जायचं तरी कशाला?

शेवटी मुक्ता म्हणाली, "आजीला दुपारी खोलीवर आणून झोपवलं आणि संध्याकाळी परत नेलं तर?"

बोलायला सोपं! पण त्याचा अर्थ असा, की रोज एकदा नव्हे, दोनदा बाहेर पडायचं आणि दोनदा परत यायचं. म्हणजे चार खेपा. आणि आमच्याजवळ रेल्वेची तिकिटं नि जेवणखाण सोडून, राहणं आणि शहरात फिरणं यासाठी दिवसाला दोन हजार रुपये होते. त्यावर एक पैसा नाही. ते पैसे कसे साठवले, ते सांगत बसत नाही; तुमच्याही घरी तसेच साठवतात.

मग शोध सुरू झाला. मुलांच्या बाबांना फोनवर एक लॉज सापडलं. विमानतळाकडच्या नव्या वस्तीत, मोठी हवेशीर खोली, पाच जणांना रात्रीचे 1100 रुपये. फोटोही झकास. ते खूश! "झालं, हेच घेऊ." मी म्हटलं, थांबा, तिथून शहरात जायचं कसं? जवळ मेट्रो नव्हती. टॅक्सीला एका खेपेचे अडीचशे तरी पडतील असं लॉजवाल्यानेच सांगितलं. मुक्ताने वहीचं मागचं पान उघडलं.

चार खेपांचे हजार, अधिक खोलीचे 1100. झाले 2100. बजेटच्या बाहेर!

बाबा म्हणाले, "दोनच खेपा करू. सकाळी जायचं, रात्री यायचं. 1600 मध्ये भागतं." हिशेब बरोबर होता. पण मग आजींनी एक तर दिवसभर खोलीत बसायचं, नाही तर दिवसभर पाय ओढत फिरायचं. म्हणजे स्वस्त पडत होतं ते आजींच्या गुडघ्यांच्या जिवावर. बाबांनी स्वतःच ते नाव खोडलं.

मग आम्ही उलट बाजूने विचार केला. आधी खोली आणि मग रस्ता असं नाही. आधी मेट्रोची स्थानकं आणि मग त्यांच्या आसपासच्या खोल्या. मुक्ताने मेट्रोच्या उत्तर-दक्षिण मार्गाची एक उभी रेघ काढली आणि तिच्यावर स्थानकांचे ठिपके दिले. या मार्गाची गंमत सांगते. आपल्या देशातली पहिली मेट्रो याच मार्गावर धावली, 24 ऑक्टोबर 1984 ला. तेव्हा ती फक्त 3.4 किलोमीटर होती, एस्प्लनेड ते भवानीपूर. त्या भवानीपूर स्थानकाचं आजचं नाव काय आहे माहीत आहे? नेताजी भवन! नेताजींचं घर तिथून जवळच आहे.

हे वाचल्यावर आजी चष्मा लावून वहीजवळ येऊन बसल्या. न येणारं माणूस असं बसत नाही, हे आम्ही ओळखलं. पण बोललो नाही.

बघायच्या जागांवर सोहमने लाल टिकल्या लावल्या. ममी असलेलं संग्रहालय पार्क स्ट्रीटजवळ. ट्राम एस्प्लनेडला. व्हिक्टोरिया मेमोरियल रवींद्र सदन आणि मैदान या स्थानकांपासून चालण्यासारखं. राणी रासमणींनी 1855 मध्ये उभारलेलं दक्षिणेश्वरचं कालीमंदिर अगदी उत्तर टोकाला. 2021 पासून मेट्रो तिथवर जाते. बहुतेक टिकल्या एकाच रेघेवर! गाडी बदलायची गरजच नाही. आजींसारख्यांना बसायला जागा मिळाली की पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास जड नसतो. जड असतात ते जिने, आणि गर्दीत इकडून तिकडे जाणं. म्हणूनच हावडा स्टेशनाजवळची 1200 ची खोली आम्ही सोडली. मेट्रो तिथेही आहे, पण दर वेळी एस्प्लनेडला उतरून गाडी बदलावी लागली असती. म्हणजे रोज चार वेळा.

संग्रहालयाशेजारची सडर स्ट्रीट स्वस्त लॉजसाठी नावाजलेली आहे, तिथेही विचारलं. जागा फार सोयीची. पण पाच जणांची खोली 2200 च्या खाली मिळेना. तेव्हा चार स्थानकं दक्षिणेला सरकलो, तर हाजरा. इथल्या हाजरा रस्त्यावर 'महाराष्ट्र निवास' आहे, कलकत्त्यातल्या मराठी मंडळींचं. आम्हाला हव्या त्या तारखांना तिथे लग्नाचं वऱ्हाड उतरणार होतं. पण त्या निमित्ताने तो भाग कळला आणि स्थानकही: जतीन दास पार्क.

आता "स्टेशनाजवळ" या शब्दाबद्दल थोडं. लॉजवाल्यांच्या भाषेत सगळं जगच स्टेशनाजवळ असतं. बाबा फोनवर विचारत, "मेट्रो कितना दूर?" उत्तर ठरलेलं, "पाँच मिनट!" तिसऱ्या फोनला मुक्ता हळूच म्हणाली, "बाबा, कुणाची पाच मिनिटं? सोहमची की आजीची?"

हा प्रश्न मला इतका आवडला की लगेच प्रयोगच केला. आमच्या दारापासून मारुतीचं देऊळ स्कूटरच्या काट्यावर 300 मीटर भरतं. आजी नेहमीसारख्या निघाल्या, वाटेत एकदा टेकल्या, कुणाशी तरी दोन शब्द बोलल्या आणि पोचल्या. सात मिनिटं. म्हणजे दहा मिनिटांत चारशेच्या थोडं पुढे. ठरलं! स्थानकाच्या जिन्यापासून लॉजच्या दारापर्यंत चारशे मीटरच्या आत. यापुढे सगळ्या फोनवर एकच प्रश्न, मिनिटं नकोत, मीटर सांगा. ते अंतर आम्ही नकाशावरही ताडून पाहत असू, आणि तेही सरळ रेघेने नव्हे तर रस्त्याने. कारण मधे मोठा हमरस्ता असला की पलीकडे जायला वळसा पडतोच.

असं करत जतीन दास पार्कपासून साडेतीनशे मीटरवर एका गल्लीतलं जुनं गेस्ट हाउस सापडलं. तळमजल्यावरची खोली, दोन मोठ्या खाटा आणि खाली एक गादी, 1600 रुपये. मेट्रोचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं. आमच्या रोजच्या खेपांना माणशी दहा धरले. पाच जण, चार खेपा, दोनशे रुपये. एकूण 1800. दूरच्या लॉजपेक्षा रोज दोनशे जास्त, आणि त्या दोनशेत आजींची दुपारची झोप. यापेक्षा स्वस्त सौदा मी तरी केलेला नाही.

पैसे देण्याआधी आणखी चार गोष्टी विचारून घेतल्या: संडास कुठल्या पद्धतीचा, गरम पाणी किती वाजेपर्यंत, बाहेरचं दार रात्री कधी बंद होतं, आणि कुणाकुणाची ओळखपत्रं लागतील. आगाऊ पैसे एकाच रात्रीचे दिले. फोनवरच्या अनोळखी माणसाला चार रात्रींचे पैसे आधीच पाठवणं मला पटत नाही, मग तो कितीही गोड बोलो.

संध्याकाळी वर्ध्याला गीतांजली एक्सप्रेसमध्ये बसलो, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. तिथून मेट्रोने नदीखालून शहरात! हा बोगदा मार्च 2024 मध्येच लोकांसाठी खुला झाला होता. हावडा स्थानक 30 मीटर खोल, पण सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. हुगळीच्या तळाखालचा भाग सुमारे 520 मीटरचा, गाडीला लागतात 45 सेकंद. तेवढ्यात बोगद्यात निळे दिवे दिसतात, म्हणजे वर नदी आहे असं समजायचं. आजींनी डोळे मिटून हात जोडले आणि सोहम मोठ्याने आकडे मोजत होता. एस्प्लनेडला गाडी बदलली. पुढच्या डब्यात एका मुलाने उठून आजींना जागा दिली, "बोशून, माशीमा." मावशीला बंगालीत माशी म्हणतात आणि वयस्क बाईंना आदराने माशीमा. हे कळेपर्यंत सोहम हसून लोटपोट. "आजी माशी झाली!"

गेस्ट हाउस फोटोइतकं देखणं नव्हतं, हे सांगायला हवं. भिंतीला ओल होती, पंखा कुरकुरत होता आणि सकाळी सहाला गल्लीत मासेवाला ओरडायचा. पण जिन्यापासून दारापर्यंत आजींना नऊ मिनिटं लागली. मुक्ताने घड्याळ लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींना घेऊन निघालो. स्थानकावरच मुक्ताने विचारलं, जतीन दास कोण? आजींना ठाऊक होतं. लाहोरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांना माणसासारखं वागवावं म्हणून त्यांनी 63 दिवस उपोषण केलं आणि 13 सप्टेंबर 1929 ला प्राण सोडला. त्यांचा देह रेल्वेने कलकत्त्याला आणला, तेव्हा अंत्ययात्रेत सुभाषबाबू पुढे होते. पुढचंच स्थानक नेताजी भवन. मोजून एक स्थानक!

घरात ती मोटार ठेवलेली आहे. जानेवारी 1941 मधल्या एका रात्री इंग्रजांच्या पहाऱ्यातून वेषांतर करून नेताजी जिच्यात बसून निसटले, पुतण्या शिशिर गाडी चालवत होता, तीच ही वाँडरर. आजी तिच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं पाय दुखत असतील. खुर्ची शोधायला गेलो, तर म्हणाल्या, "राहू द्या. बसून पाहायची गोष्ट नाही ही."

साडेबाराला परत खोलीवर. वरणभात खाऊन त्या झोपल्या, मुलांनी गादीवर पत्ते मांडले. साडेचारला ताज्यातवान्या होऊन आजीच म्हणाल्या, "चला, ट्राम कुठे आहे ती?"

ट्रामसाठी सोहमपेक्षा घाई मलाच होती. 1873 मध्ये कलकत्त्यात घोड्यांची ट्राम आली, 1902 मध्ये विजेची. आणि आम्ही जायच्या थोडंच आधी सरकारने मैदानाजवळचा एक छोटा मार्ग ठेवून बाकी ट्राम बंद करण्याचं जाहीर केलं होतं. एस्प्लनेडला आम्हाला मिळाली एकदाची. खडखडत, घंटा वाजवत, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. आजी म्हणाल्या, "ही माझ्या चालीची गाडी आहे."

ममी झाली, व्हिक्टोरिया झालं, दक्षिणेश्वर झालं. एका दुपारी मात्र आजींनी झोपायला साफ नकार दिला आणि संध्याकाळी पाय सुजलेच. गरम पाण्याची बादली मागवली, शेक दिला; दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे बाहेर गेले तेव्हा त्या आणि मी गल्लीच्या तोंडाशी मातीच्या कुल्हडातला चहा पीत बसलो. मासेवाला आता ओळखीचा झाला होता. आम्ही मासे खात नाही हे ऐकून त्याला आमची फार कीव आली.

वर्ध्याला परतल्यावर शेजारच्या काकू भेटायला आल्या. आजींनी त्यांना नेताजींची मोटार सांगितली, ट्राम सांगितली आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि अख्ख्या नदीच्या खालून गेली मी. पंचेचाळीस सेकंद."

काकू त्यांच्या पातळाकडे बघत म्हणाल्या, "अन् भिजल्या नाही?"