लोणार गांवांतील एक दिवस

लोणारचें सरोवर पाहून आलेले गृहस्थ आम्हांला पुष्कळ भेटतात. लोणार गांव पाहून आलेला मात्र क्वचित्. मोटार थेट कड्यावर न्यावी, खालीं एकवार डोकवावें, छायाचित्रें काढावीं आणि पुढच्या मुक्कामाचा रस्ता धरावा, असा हल्लीं प्रघात पडला आहे. आमचें डोणगांव मेहकर तालुक्यांत. तेथून लोणार म्हणजे परसांतली गोष्ट. पण परसांतलें राहूनच जातें. केवळ त्या गांवासाठीं म्हणून एक सबंध दिवस आम्हीं कधीं काढला नव्हता. गेल्या दिवाळीच्या सुट्टींत पुण्याचा नातू आला. तो यंदा नववींत आहे आणि त्याला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो. त्याला घेऊन आम्ही उभयतां निघालों.

पहिल्या एस.टी.नें मेहकर गांठलें, तेथें गाडी बदलली आणि सुलतानपुरावरून लोणारला उतरलों तों उन्हें नुकतीं कोंवळीं होतीं. मंडळींनीं आदल्या रात्रींच दशम्या, तिळाची चटणी आणि मेतकुटाची डबी बांधून ठेविली होती. लोणारला खाण्याची गैरसोय आहे असें नव्हे. परंतु बरोबर शिदोरी नसली तर प्रवास झाला असें आमच्या घरीं कोणी मानीत नाहीं.

वाटेंत नातवानें विचारिलें, "आबा, लोणार म्हणजे काय?" हा प्रश्न आमच्या हक्काचा. संस्कृत 'लवण', त्याचें प्राकृतांत 'लोण', आणि त्यावरून हें गांव. लोणी शब्दाशीं याचा कांहींएक संबंध नाहीं, हें सांगण्याची संधि आम्हीं दवडली नाहीं. पुराणांतरीं कथा आहे ती लवणासुराची. हा दैत्य भूमीखालीं विवरांत राही आणि विवरावर भलें मोठें झांकण असे. विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेतलें, दैत्याच्या बहिणींकडून विवराचा ठाव काढून घेतला, पायाच्या आंगठ्यानें तें झांकण उडविलें आणि दैत्यास मारिलें. झांकण जाऊन पडलें तें धातेफळ येथें. सरोवराचें पाणी म्हणजे त्या दैत्याचें रक्त, आणि क्षार म्हणजे त्याचें मांस.

म्हणून दिवसाचा आरंभ दैत्यसूदनाच्या देवळापासून करावा. तें गांवाच्या वस्तींतच आहे; चालुक्यांच्या काळच्या घडणीचें, तारकाकृति जोत्यावर उभें. शिखर आज नाहीं, त्यामुळें लांबून डोळ्यांत भरत नाहीं. जवळ गेल्यावर मात्र पाय निघत नाहीं. सकाळच्या तिरप्या उन्हांत बाहेरच्या भिंतीवरील एकेक मूर्ति उठून दिसते. आंत अंधार असतो, यास्तव विजेरी अवश्य न्यावी. नाहींतर छतावरील कोरीव कथा न पाहतांच मनुष्य परत येतो. बाहेरच्या भिंतीवर कांहीं शिल्पें अशीं आहेत कीं नातवासह जाणाऱ्या आजोबानें तेथें पावलें जराशीं जलद उचलावीं. आम्हीं उचललीं. नातू मागें रेंगाळला तो रेंगाळलाच.

तेथून लिंबी बारव पाहिली. घडीव पायऱ्या चहूंकडून पाण्याकडे उतरत जातात. जुन्या लोकांनीं पाणी काढण्यासाठीं नुसती विहीर न खणतां पाण्यापर्यंत चालत जाण्याची सोय कां केली असावी, यावर आजी आणि नातू यांचा बराच वाद झाला. मोठ्या मारुतीचें देऊळ अंबर तळ्याच्या बाजूस आहे. मूर्ति निजलेली, चांगली लांबलचक. तेथील शिळेजवळ होकायंत्राची सुई भलतीकडे वळते असें सांगतात. आमच्याजवळ होकायंत्र नव्हतें. नातवाच्या खिशांतील यंत्रावर होतें, पण नेमकी त्या वेळीं त्याची वीज संपली होती.

दुपारीं धारेवर आलों. सरोवराच्या कड्यावरच हें स्थान आहे. गोमुखांतून गोड्या पाण्याची धार बारा महिने पडत असते, आणि खालीं थोड्याच अंतरावर तें खारट सरोवर. मंडळींनीं हातपाय धुतले, बाटली भरली आणि सांवलींत शिदोरी सोडली. जेवतांना नातवानें "मी दशमी खाल्लो" असें कांहीतरी शहरी मराठी उच्चारिलें. आम्हीं संवयीनें मोठ्यानें म्हटलें, "खाल्ली! कर्म स्त्रीलिंगी आहे!" तोंच शेजारच्या नारळ-फुलांच्या दुकानांतून एक पन्नाशी उलटलेला गृहस्थ धांवत आला आणि त्यानें आमचे पाय धरिले. "गुरुजी, आवाजावरून वळखलं तुमाले!"

तो आमचा विद्यार्थी निघाला. येथें थोडें मागें जावें लागतें. आम्ही जुन्या अकरावीची परीक्षा दिलेले, विषय संस्कृत. परंतु शाळा लहान आणि शिक्षक अपुरे, यामुळें भूगोलाचा तासहि आमच्याच गळ्यांत पडे. १९८५ सालीं आम्हीं छत्तीस मुलांची सहल याच कड्यावर आणिली आणि हातांतील जुन्या पुस्तकाच्या आधारें ठांसून सांगितलें कीं, हें शांत झालेल्या ज्वालामुखीचें मुख होय. तेव्हां याच मुलानें विचारिलें होतें, "गुरुजी, ज्वालामुखी मंजे डोंगर ना? ह्यो तर खड्डा हाय." आम्हीं त्याला खालीं बसविलें.

आतां तोच हंसत सांगत होता, "तुमी सांगतलं व्हतं ना, ज्वालामुखी हाय म्हून; तेच म्या पंधरा वर्सं पाव्हन्यायले सांगत व्हतो. मंग एक पाव्हना आला, खडकाचा शिकेल. त्यानं मले समदं दाखवलं." त्यानें दुकान मुलावर सोंपविलें आणि आम्हांला कड्याच्या कांठानें नेलें. भोंवतालच्या जमिनीपेक्षां कांठ वीसएक मीटर उंच उचललेला आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकाचे थर एरवीं आडवे असतात. येथें ते बाहेरच्या बाजूस कललेले, कोठें कोठें तर उलथून पडलेले. खालून हळूहळू वर येणाऱ्या रसानें असें होत नाहीं. वरून येऊन आदळलेल्या आणि स्फोट पावलेल्या वस्तूनें होतें. आकाशांतून उल्का पडली, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा झाला, आणि धक्क्याच्या दाबानें खडकांतील स्फटिकांची कांच झाली. ही कांच खड्ड्याच्या तळाचे नमुने काढून शास्त्रज्ञांनीं दाखविली ती १९७३ सालीं. म्हणजे आमच्या सहलीच्या बारा वर्षें आधीं! खड्ड्याचें वय मात्र अजून वादांत आहे. पूर्वीं सुमारें ५० हजार वर्षें म्हणत. २०१० नंतरच्या मोजणीनें तें सुमारें ५ लाख ७० हजार वर्षें येतें.

नातू म्हणाला, "आबा, मग झांकण उडालें ही गोष्ट तुमच्या भूगोलापेक्षां बरी होती." आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पूर्वीं बसविलेल्या त्या मुलाला तें बसविणें आठवत होतें कीं नाहीं, कोण जाणे. त्यानें विषय काढला नाहीं. आम्हीं काढावयास हवा होता, पण जीभ रेटली नाहीं.

मंडळींचे गुडघे दुखत असल्यामुळें त्या धारेवर थांबल्या. आम्ही तिघे पायवाटेनें कमळजा देवीच्या बाजूस उतरलों. वाट दाट झाडींतून जाते; मोर ओरडत होते आणि वानरें आमच्या पिशवीकडे पाहत होतीं. हें आतां अभयारण्य आहे. दगड उचलूं नये, कांहीं टाकूं नये. पाण्याजवळ उग्र वास येतो. आमच्या विद्यार्थ्यानें पूजेच्या पुडींतील चिमूटभर हळद नातवाच्या तळहातावर ठेविली आणि सरोवराच्या पाण्याचे चार थेंब टाकिले. हळद लालभडक झाली. पाणी अतिशय क्षारयुक्त असल्याची ही खूण. २०२० च्या जूनांत सबंध सरोवरच गुलाबी झालें होतें. पुण्याच्या आघारकर संस्थेनें तपासून सांगितलें कीं, खारट पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग. त्याच वर्षीं या सरोवराची रामसर यादींत नोंद झाली. पूर्वीं येथील क्षार काढीत, तेव्हां त्यांना दल्ला, निमक-दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशीं नांवें असत. वर आल्यावर मंडळींना हीं नांवें सांगितलीं, तों त्यांनीं पापडी तेवढी ओळखीची म्हणून ठेवून घेतली आणि बाकीचीं परत केलीं.

चढतांना दोनदां बसावें लागलें. दुसऱ्या खेपेस आम्हीं धीर करून म्हटलें, "बाळ, त्या दिवशीं तुझा प्रश्न बरोबर होता." तो पाण्याकडे पाहत म्हणाला, "राहू द्या ना, गुरुजी." मग थोड्या वेळानें म्हणाला, "बाकीच्या पोरायले कोनी सांगतलं का पन?"

संध्याकाळच्या गाडींत आम्हांला खिडकीची जागा मिळाली. सहलीला आलेलीं छत्तीस मुलें. एक भेटला. राहिलेले पस्तीस जण आपापल्या मुलानातवंडांना आजहि काय सांगत असतील? नातवाच्या वहींत नांवें लिहावयास घेतलीं. आम्ही आठवूं लागलों, तो लिहूं लागला; शेतकरी कोण, नोकरींत कोण, कोणाचा ठावठिकाणा कोणाकडे लागेल, हेंहि पुढें टिपलें. मंडळींना मुलींचीं नांवें आमच्यापेक्षां अधिक आठवत होतीं. डोणगांवच्या फाट्यावर उतरेपर्यंत एकवीस झालीं.